जाईन, जातोय की जाणार आहे? इंग्रजीतला ‘उद्या’ आणि इंग्रजीतलं ‘कशासाठी’

(एपिसोडचं शब्दांकन. ऐकताना इंग्रजी वाक्यं पटकन निघून जातात, म्हणून सगळी उदाहरणं इथे लिहून दिली आहेत.)

 

नवीन कुणी ऐकत असेल तर थोडक्यात सांगतो. मी बुलढाणा जिल्ह्यातला, बीटेक करून सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. दिवसा कोड लिहितो आणि रात्री तुमच्याशी गप्पा मारतो.

गेल्या काही दिवसांत तुमच्या ज्या व्हॉइस नोट आल्या, त्यांत दोन प्रश्न सारखे येतायत. पहिला, “दादा, विल कधी वापरायचं आणि गोइंग टू कधी?” दुसरा, “‘साठी’ म्हणायचं असेल तर फॉर लावायचं की टू?” दिसायला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण हे दोघं सख्खे भाऊ आहेत, ते कसं ते पुढे सांगतो.

आधी हे बघू की यात बिघडतं काय. नुसतं व्याकरण चुकलं तर फार काही होत नाही, समोरचा समजून घेतो. पण इथे गंमत अशी आहे की व्याकरण बरोबर असूनही अर्थ बदलतो.

माझी एक चुलत बहीण चिखलीला असते. बीएससी झालं, एमसीएला पुण्यात अ‍ॅडमिशन झाली. फी भरली, होस्टेलची खोली मिळाली, घरून निघायची तारीखसुद्धा ठरली. इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस म्हणून ती मला व्हॉइस नोट पाठवते. मी विचारलं, “व्हॉट आर युअर प्लॅन्स?” तिचं उत्तर आलं, “आय विल डू एमसीए. आय विल गो टू पुणे. आय विल स्टे इन अ होस्टेल.”

यात चूक काढायची म्हटली तर एकही निघत नाही. पण ऐकणाऱ्याला काय वाटतं? की या मुलीने प्रश्न ऐकला आणि तिथल्या तिथे ठरवलं. फी भरून बसलेली पोरगी, आणि इंग्रजीत मात्र “बघू, करीन एमसीए” असं म्हटल्यासारखं ऐकू येतं. ठरलेली गोष्ट न ठरल्यासारखी वाटते. आजच्या एपिसोडचा मुद्दा एवढाच आहे.

शाळेतला तक्ता

हे होतं कशामुळे? महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. आम्ही त्या सुरुवातीच्या वर्षांतली पोरं. आम्हाला तीन रकाने शिकवले: वर्तमानकाळ, भूतकाळ, भविष्यकाळ. भविष्यकाळाच्या रकान्यात एकच शब्द, विल. आणि सोबत एक शेपूट, की ‘आय’ आणि ‘वी’ असेल तर शॅल.

हे शेपूट किती जुनं आहे माहितीये? जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1653 साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात हा नियम सापडतो. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या 21 वर्षं आधीचा. आज रोजच्या बोलण्यात शॅल उरलाय तो मुख्यतः विचारण्यापुरता: “शॅल आय ओपन द विंडो?”, म्हणजे “खिडकी उघडू का?”. बाकी ठिकाणी ‘आय विल’, ‘वी विल’ बिनधास्त म्हणा.

तक्त्याची खरी अडचण वेगळीच आहे. ‘गो’चं भूतकाळी ‘वेंट’ होतं, ‘वॉक’चं ‘वॉक्ट’ होतं. पण भविष्यकाळासाठी इंग्रजी क्रियापदाला स्वतःचं रूपच नाही. आपल्याकडे ‘जाईन’ आहे, त्यांच्याकडे तसा एक शब्द नाही. मग ते काम भागवायला त्यांनी तीन-चार वेगवेगळे मार्ग काढले, आणि तक्त्यात आला त्यातला एकच.

आणि मंडळी, मराठीतही तसंच आहे. शाळेत आपण साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती भविष्यकाळ शिकलो: मी लिहीन, मी लिहीत असेन, मी लिहिले असेन, मी लिहीत जाईन. या चार ओळींत ‘मी लिहिणार आहे’ कुठे आहे? नाहीये. आणि दिवसभरात आपण सगळ्यात जास्त काय बोलतो? ‘करणार आहे’, ‘जाणार आहे’, ‘येणार आहे का?’

एकच प्रश्न विचारायचा: हे कधी ठरलं?

आता पुस्तक बाजूला ठेवा आणि तुमची स्वतःची मराठी ऐका.

पहिला प्रसंग. घरी बसलाय, बेल वाजली. तुम्ही म्हणता, “थांब, मी उघडतो.” हे कधी ठरलं? आत्ता, बेल वाजल्यावर. इंग्रजीत इथे विल: “आय’ल गेट इट.” मराठीत आपण ‘उघडतो’ म्हणतो, म्हणून बरेच जण “आय ओपन द डोअर” म्हणून मोकळे होतात. तसं नको. मदत करतो, आणतो, पाठवतो, सांगतो, अशी तिथल्या तिथे दिलेली तयारी म्हणजे विल. “आय’ल सेंड यू द फाइल.” “आय’ल टेल हिम.”

दुसरा प्रसंग. शेजारच्या काकांनी विचारलं, “काय मग, यंदा काय?” बाबा म्हणतात, “यंदा सोयाबीन पेरणार आहोत.” बियाणं अजून आणलेलं नाही, पाऊसही आलेला नाही. पण घरात बोलणं झालंय, निर्णय पक्का आहे. हे आधीच ठरलं. इथे गोइंग टू: “वी आर गोइंग टू प्लांट सोयाबीन धिस इयर.” आपलं ‘णार आहे’ आणि त्यांचं ‘गोइंग टू’ यांची जोडी बहुतेक वेळा छान जमते.

तिसरा प्रसंग. “शनिवारी शेगावला जातोय, तिकीट काढलंय.” इथे नुसतं ठरलेलं नाही, तर व्यवस्थाही झाली. तिकीट आहे, सोबत कोण ते ठरलंय, तिकडे फोन गेलाय. इंग्रजीत: “आय’म गोइंग टू शेगाव ऑन सॅटर्डे.” काही जण विचारतात की ‘आय अ‍ॅम गोइंग’ तर चालू वर्तमानकाळ आहे, मग शनिवार कसा चालेल? अहो, ‘जातोय’ पण चालू वर्तमानकाळच आहे की! आमच्याकडे वऱ्हाडीत तर म्हणतात, “शनवारी शेगावले जाऊन राह्यलो.” तेव्हा कुणी विचारत नाही की शनिवार अजून आलाच नाही, मग तू कसा काय जाऊन राह्यला?

चौथा प्रसंग. “गाडी साडेसातला सुटते.” हे तुम्ही ठरवलंच नाही. वेळापत्रकाने ठरवलं. “द ट्रेन लीव्हज अ‍ॅट सेव्हन थर्टी.” एसटी, रेल्वे, परीक्षा, कॉलेज उघडण्याची तारीख, सगळं यात बसतं.

म्हणजे गणित असं झालं. आत्ता ठरलं तर विल. आधीच ठरलंय तर गोइंग टू. ठरलंय आणि व्यवस्थाही झालीय तर अ‍ॅम गोइंग, अ‍ॅम मीटिंग, अ‍ॅम जॉइनिंग. वेळापत्रकात असेल तर साधा वर्तमानकाळ.

अंदाजाचंही असंच आहे. “मला वाटतं रात्री पाऊस येईल” हा मनातला अंदाज, म्हणून “आय थिंक इट’ल रेन टुनाइट.” पण आभाळ काळं झालंय, वारं सुटलंय, आई गच्चीवरचे पापड उचलायला पळतेय आणि म्हणतेय, “आता येणार बघ!” तेव्हा “इट’स गोइंग टू रेन.” डोळ्यांसमोर पुरावा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. या चार खोल्यांच्या भिंती पक्क्या विटांच्या नाहीत. बऱ्याच वाक्यांत दोन्ही चालतात, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही आलटून पालटून वापरतात. त्यामुळे बोलताना घाबरून थांबू नका. फक्त सगळीकडे विल ठोकायची सवय तेवढी सोडा.

पोचलो की फोन करतो

भविष्याचा आणखी एक सापळा आहे. “व्हेन आय विल रीच होम, आय विल कॉल यू.” हे वाक्य ऑफिसमध्येही रोज ऐकू येतं. इंग्रजीत ‘व्हेन’च्या भागात विल येत नाही: “व्हेन आय रीच होम, आय’ल कॉल यू.”

आता यासाठी नियम पाठ करायची गरज नाही. घरून निघताना तुम्ही आईला काय सांगता? “पोचलो की फोन करतो.” ‘पोचलो’! अजून गावाच्या वेशीबाहेर पडलो नाही आणि भूतकाळ वापरून मोकळे. “पाऊस आला तर पेरणी करू” यातही ‘आला’ भूतकाळच. म्हणजे ‘की’ आणि ‘तर’च्या आधी आपणही भविष्यकाळ टाळतो. आपण भूतकाळ घेतो, इंग्रजी वर्तमानकाळ घेते. “इफ इट रेन्स, वी’ल स्टार्ट.” इफ, व्हेन, अनटिल, अ‍ॅज सून अ‍ॅज, यांच्या पाठोपाठ विल नको, एवढं लक्षात ठेवा.

दोन भाऊ कसे?

आता ते सख्ख्या भावांचं. ‘गोइंग टू’ मध्ये ‘गोइंग’ का आहे? ठरवण्याचा आणि चालण्याचा काय संबंध?

कल्पना करा, कुणीतरी पिशवी घेऊन रस्त्याने चाललाय. तुम्ही विचारलं, “कुठे?” तो म्हणाला, “भाजी आणायला चाललोय.” इंग्रजीत, “आय’म गोइंग टू बाय व्हेजिटेबल्स.” सुरुवातीला या वाक्याचा अर्थ शब्दशः तोच होता: मी चाललोय, कशासाठी, तर भाजी घ्यायला. तो ‘टू’ म्हणजे हेतू. हळूहळू लोक बसल्या जागेवरूनही तेच म्हणायला लागले. पाय हलायचे थांबले, हेतू तेवढा राहिला. आणि हेतू म्हणजे काय? उद्या करायची ठरवलेली गोष्ट. असं करत करत हेतूचं वाक्य भविष्यकाळाचं झालं. काही शतकं लागली याला.

याचा पुरावा आजही मिळतो. सिनेमात तुम्ही ‘गॉना’ ऐकता ना? “आय’म गॉना बाय अ बाइक” चालतं. पण “आय’म गॉना पुणे” कधीच चालत नाही. प्रत्यक्ष जाण्याचा ‘गोइंग टू’ आक्रसत नाही, ठरवण्याचा आक्रसतो. दिसायला सारखे, पण आता ते दोन वेगळे शब्दच झालेत.

आणि विल? त्याचा मूळ अर्थ होता ‘इच्छा असणे’. मृत्युपत्राला आपण ‘विल’ म्हणतो, ‘विल पॉवर’ म्हणतो, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

‘साठी’ म्हणजे नेहमी फॉर नव्हे

आता दुसरा प्रश्न सोपा होतो. “आय केम टू पुणे फॉर लर्न कोडिंग.” “आय केम हिअर फॉर डूइंग जॉब.” ही वाक्यं येतात ती ‘शिकण्यासाठी’, ‘करण्यासाठी’ यातला ‘साठी’ पकडून. डोक्यात बसलंय की साठी म्हणजे फॉर.

पण तोंडी बोलताना आपण ‘शिकण्यासाठी’ किती वेळा म्हणतो? आपण म्हणतो, “मी पुण्याला शिकायला आलो.” आता नीट ऐका: पुण्याला, शिकायला. दोन्हीकडे ‘ला’. वऱ्हाडीत अजून स्पष्ट: “पुण्याले शिकाले आलो.” ले आणि ले. आता इंग्रजी बघा: “आय केम टू पुणे टू स्टडी.” टू आणि टू! जागेलाही तोच, हेतूलाही तोच. आपल्या गावच्या बोलीत नियम आधीच तयार आहे, आपण उगाच ‘साठी’च्या मागे लागलो.

म्हणून हे असं धरा.

क्रिया असेल तर टू आणि त्यापुढे मूळ क्रियापद: टू लर्न, टू मीट, टू बाय. वस्तू किंवा नाम असेल तर फॉर: “आय केम हिअर फॉर अ जॉब”, “फॉर ट्रेनिंग”, “फॉर माय सिस्टर”. नोकरीसाठी म्हणायचं तर फॉर अ जॉब, नोकरी शोधायला म्हणायचं तर टू फाइंड अ जॉब.

मग फॉरच्या पुढे ‘इंग’ येतच नाही का? येतं, एखादी वस्तू कशाच्या कामाची आहे ते सांगताना. “धिस अ‍ॅप इज फॉर स्कॅनिंग डॉक्युमेंट्स.” पण मी ते कशाला वापरतो हे सांगताना पुन्हा टू: “आय यूज धिस अ‍ॅप टू स्कॅन डॉक्युमेंट्स.”

आणि हेतू दुसऱ्याच्या बाबतीत असेल तर? “आईला कळावं म्हणून मी मराठीत लिहिलं.” लिहिणारा मी, कळणार आईला. अशा वेळी सो दॅट सोयीचं: “आय रोट इट इन मराठी सो दॅट माय मदर कुड अंडरस्टँड इट.” ‘विसरू नये म्हणून’ यालाही हेच: “आय राइट थिंग्ज डाउन सो दॅट आय डोन्ट फर्गेट.” आपलं ‘व्हावं म्हणून’ किंवा ‘होऊ नये म्हणून’ आलं, की सो दॅट आठवा.

शुक्रवारपर्यंत

ऑफिसमधलं एक सांगतो, कारण यात खरंच घोळ होतात. “आय विल फिनिश इट टिल फ्रायडे.” आपल्याला म्हणायचंय, शुक्रवारपर्यंत पूर्ण करतो. पण टिल म्हणजे तोपर्यंत सलग चालू राहणं. मुदत सांगायची असेल तर बाय: “आय’ल फिनिश इट बाय फ्रायडे.”

मराठीत ‘पर्यंत’ दोन्हीला चालतो. “शुक्रवारपर्यंत गावी आहे” यात तुम्ही रोज गावी आहात, म्हणून “आय’म अ‍ॅट होम टिल फ्रायडे.” “शुक्रवारपर्यंत फॉर्म भर” यात एकदाच भरायचाय, म्हणून “फिल इन द फॉर्म बाय फ्रायडे.” स्वतःला विचारा: हे सतत चाललंय का? हो, तर टिल. एकदाच उरकायचंय? मग बाय.

रोजच्या सकाळच्या मीटिंगमध्येही विलने माणूस मागे पडतो. “टुडे आय विल वर्क ऑन द लॉगिन पेज” ऐकलं की वाटतं, हा आत्ता विचार करून सांगतोय. “आय’म वर्किंग ऑन द लॉगिन पेज टुडे” म्हटलं की कळतं, दिवस आखलेला आहे. काम तेवढंच, पगार तेवढाच, पण ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहणारा माणूस वेगळा.

इंटरव्ह्यू आणि व्हिसाची खिडकी

इंटरव्ह्यूत पाच वर्षांचा प्रश्न येतोच. तिथे पाठ केलेलं “आय विल बिकम अ टीम लीडर” बोलू नका. ते भविष्य सांगितल्यासारखं वाटतं. तुमची तयारी जेवढी, तेवढाच जोर शब्दांत हवा. कोर्स सुरू केलाय? “आय’म डूइंग अ कोर्स इन क्लाउड.” पुढचं ठरलंय? “आय’म गोइंग टू टेक द एक्झाम.” योजना आहे? “आय’म प्लॅनिंग टू.” नुसती आशा आहे? “आय होप टू.” अजून विचारच चाललाय? “आय’म थिंकिंग ऑफ डूइंग अ‍ॅन एमबीए.” इथे ‘थिंकिंग टू डू’ नाही बरं का, ‘थिंकिंग ऑफ’ आणि पुढे ‘इंग’.

आपल्याकडची कितीतरी मुलं आता शिकायला बाहेर जातात. अमेरिकेच्या स्टुडंट व्हिसासाठी जी मुलाखत होते, तिच्यामागे कायद्याचं कलम 214 बी आहे. त्यानुसार अर्जदार तिकडेच कायमचा राहायला येतोय असं आधी गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे आपण पटवायचं असतं. म्हणून प्रश्न हेच दोन: कशासाठी चाललात, आणि नंतर काय करणार? हेतू आणि पुढचा बेत, आजचा अख्खा एपिसोड! व्याकरणावर व्हिसा मिळत नाही, कागदपत्रं आणि खरी परिस्थितीच लागते. पण दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत खरा, पक्का बेत कच्चा वाटू नये, एवढं आपल्या हातात आहे. “आय’म गोइंग टू स्टडी डेटा सायन्स. आय चोज धिस कोर्स टू लर्न मशीन लर्निंग.” छोटी वाक्यं, स्वतःची वाक्यं.

आजचा होमवर्क

फोन काढा, रेकॉर्डर चालू करा. आधी मराठीत पाच वाक्यं बोला: आत्ता ठरलेलं एक, आधीच ठरलेलं एक, तिकीट काढलेलं एक, वेळापत्रकाचं एक, आणि ‘पोचलो की’सारखं एक. जशी घरी बोलता तश्शी बोला, वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीत. मग प्रत्येकाला विचारा, “हे कधी ठरलं?” आणि मग इंग्रजीत आणा. शेवटी प्रत्येक वाक्याला ‘कशासाठी’ जोडा, टू किंवा फॉर लावून.

बहिणीने हे केलं. परवा तिची नवी व्हॉइस नोट आली: “आय’म जॉइनिंग द एमसीए कोर्स नेक्स्ट मंथ. आय’म मूव्हिंग टू पुणे टू स्टडी.” मुलगी तीच आणि अ‍ॅडमिशनही तीच. पण आता ऐकताना कळतं की हिने फी भरलीय.

तुमची पाच वाक्यं कमेंटमध्ये लिहा किंवा व्हॉइस नोट करा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातली निवडक वाक्यं घेऊन बोलणार आहोत. ‘बोलू’ नाही म्हटलं, ‘बोलणार आहोत’ म्हटलं, कारण ते ठरलंय!

चला, भेटू. काळजी घ्या.